पाणंदीची भरपाई कोण मागणार?

सांगली जिल्ह्यात शक्तिपीठ महामार्गाचा विषय निघाला की बोलणं चौपट-पाचपट मोबदल्यावर येऊन थांबतं. द्राक्षबाग, विहीर, पाइपलाइन यांचा हिशेब ज्याला-त्याला तोंडपाठ. पण आखणीत गायरान, स्मशानभूमी किंवा पाणंद, म्हणजे शेतात जायची सामाईक वाट, आली तर? ती आधीच सगळ्यांच्या वापरात, म्हणून हक्क सांगायला एकही खातेदार नाही.

इथे कॅलिफोर्नियात सार्वजनिक वापरातली जागा दुसऱ्या यंत्रणेला घ्यायची असेल, तर आपला वापर त्याहून गरजेचा आहे हे तिला दाखवावं लागतं. राज्य सरकारपुढे पालिका बहुधा हरतेच. मात्र सार्वजनिक बाग गेली, तर 1971 च्या कायद्यानुसार तिच्या तोडीची दुसरी बाग उभी राहील एवढे पैसे किंवा जमीन द्यावी लागते. (गोडवे गाण्याचं कारण नाही. 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी एका खासगी गॅसवाहिनी कंपनीला चक्क न्यू जर्सी राज्याची जमीन घ्यायची वाट मोकळी करून दिली.)

आपल्या 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 51 वाचा. पंचायतीकडे सोपवलेलं गायरान शासन सार्वजनिक कामासाठी परत घेऊ शकतं. पंचायतीला भरपाई मिळते ती तिने केलेल्या सुधारणांची. कुंपणाचे पैसे मिळतील, चराईचे नाहीत.

पाणंदीचं त्याहून अवघड. तिला बहुतेकदा ना गट नंबर, ना सातबारा. गाव नकाशावर नुसत्या दोन तुटक रेषा. संयुक्त मोजणी गटवार चालते, आणि पाणंद दोन गटांच्या फटीत हरवते. रस्ता झाल्यावर कळतं, ऊस पलीकडे, गाव अलीकडे, मधे कठडा.

म्हणून मोजणीआधी भूमी अभिलेखकडून गाव नकाशाची आणि तलाठ्याकडून गाव नमुना 1-ब ची, म्हणजे गावातल्या सरकारी जमिनींच्या नोंदवहीची, प्रत काढावी. आखणी नकाशावर पेन्सिलने उतरवली की पाणंद कुठे तुटते ते दिसतं. ग्रामसभेच्या ठरावात नुसतं ‘आमचा विरोध आहे’ लिहून भागत नाही. किती गुंठे गायरान जातं, बदली जमीन कुठली हवी, भुयारी मार्ग कुठे आणि किती उंच, हे आकड्यांत हवं. जनावरांपुरता बुटका बोगदा मिळाला तर भरलेली उसाची ट्रॉली वळसाच घेणार. या मागण्या म्हणजे संमती, अशी भीती गावात असते. ती रास्त आहे. म्हणून ‘मूळ हरकत कायम ठेवून’ हे शब्द ठरावाच्या पहिल्याच ओळीत घालावेत. राष्ट्रीय महामार्ग असेल तर हरकतीला अधिसूचनेपासून 21 दिवसच मिळतात, आणि नकाशाची प्रत हातात पडेपर्यंत त्यातले बरेच उडालेले असतात.