जाहिरातीत नसलेला छेद

नीटचा निकाल लागला की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एक पानभर जाहिरात फिरते. जाहिरात कोचिंग क्लासची असते. ओळीने पासपोर्ट आकाराचे फोटो आणि प्रत्येकाखाली 720 पैकी मिळालेले गुण. यंदा ती दादाने पाठवली, कारण त्याची मुलगी आता बारावीत गेली आहे. माझ्या या भाचीला जीवशास्त्र मनापासून आवडते आणि डॉक्टर व्हावे असेही वाटते. या दोन गोष्टी एकच आहेत, असे घरातल्या सर्वांनी धरून ठेवले आहे. जाहिरातीखाली नेहमीचीच चर्चा झाली. सतराव्या वर्षी एका परीक्षेवर आयुष्य ठरवणे क्रूर आहे, असे काहींचे म्हणणे. तर निदान एकच परीक्षा आणि एकच गुणवत्ता यादी असल्यामुळे वशिल्याला वाव राहत नाही, असे इतरांचे. मग कोणीतरी मला उद्देशून लिहितेच, ‘तुमच्या अमेरिकेत बरे आहे, आधी पदवी घ्या आणि मग सावकाश ठरवा.’

मी 19 वर्षे अमेरिकेत आहे आणि गेले वर्षभर माझ्या मुलीसाठी इथली कॉलेजे पाहत हिंडते आहे. उशिरा ठरवण्याची मुभा मोलाची आहे, हे मला मान्य आहे. पण ती फुकट मिळत नाही, आणि चाळणी इथेही चुकत नाही. इथे बारावीनंतर थेट वैद्यकीय शिक्षण जवळजवळ नाहीच. आधी चार वर्षांची पदवी, तीत जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र असे विषय प्रयोगशाळेसह. मग एमकॅट ही परीक्षा, मग मेडिकल स्कूलची चार वर्षे आणि त्यानंतर शाखेनुसार तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले प्रशिक्षण. मेडिकल स्कूलसाठी दरवर्षी 50 हजारांहून अधिक जण अर्ज करतात आणि सुमारे 23 हजार आत जातात. कर्ज काढून शिकलेल्या नव्या डॉक्टरच्या डोक्यावर साधारण दोन लाख डॉलर असतात. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या (एनवाययू) मेडिकल स्कूलने 2018 पासून आणि ब्रॉन्क्समधल्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेजने 2024 पासून शिक्षणशुल्क माफ केले खरे, पण तिथल्या जागा मोजक्या. शिवाय इथली अनेक मेडिकल स्कूल परदेशी नागरिकांचे अर्ज विचारातच घेत नाहीत, हे ‘बारावीनंतर अमेरिकेला पाठवू, तिथेच डॉक्टर होईल’ असे म्हणणाऱ्या भारतातल्या पालकांनी आधी समजून घ्यायला हवे.

मार्चमध्ये एका नामवंत कॉलेजच्या माहितीसत्राला आम्ही गेलो होतो. पडद्यावर ठळक आकडा आला: मेडिकल स्कूलला अर्ज करणाऱ्या आमच्या 90 टक्के विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. पालकांनी भराभर फोन उंचावून फोटो काढले. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, की पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायचे म्हणून किती मुले येतात आणि अर्ज करेपर्यंत त्यांतली किती उरतात? अधिकारी क्षणभर थांबले आणि म्हणाले, तशी नोंद आम्ही ठेवत नाही.

यामागची रीत मला नंतर कळली. इथल्या काही कॉलेजांत विद्यार्थ्याच्या अर्जासोबत कॉलेजच्या समितीचे शिफारसपत्र जाते. ज्याचे गुण कमी पडतील असे वाटते, त्याला हे पत्र मिळत नाही किंवा ‘यंदा थांब’ असे सुचवले जाते, आणि सेंद्रिय रसायनशास्त्रात अडखळलेला मुलगा तर त्याआधीच गळालेला असतो. अंश तेवढा छापला जातो, छेद कोणी सांगत नाही. मायदेशातल्या क्लासची पानभर जाहिरात आणि हा पडदा यांत मला काडीचाही फरक वाटला नाही. फोटोतली तीस मुले किती मुलांतून आली, हे जाहिरातीत कधी नसते. 2024 साली 23 लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर होत्या. परदेशातल्या स्वस्त एमबीबीएसची जाहिरातही तशीच असते: प्रवेशाची हमी मोठ्या अक्षरांत, पण परत आल्यावर द्याव्या लागणाऱ्या एफएमजीई परीक्षेत अनेक सत्रांत चौथाईहूनही कमी उमेदवार उत्तीर्ण झाले, हे कुठेच नाही.

म्हणून कॉलेज पाहताना मी आता एकच प्रश्न आधी विचारते: डॉक्टर व्हायचे म्हणून आलेली आणि डॉक्टर न झालेली मुले तुमच्याकडून पुढे कुठे जातात? त्याच आठवड्यात फारसे नाव नसलेल्या एका लहान कॉलेजात याचे उत्तर समोर उभे असलेले दिसले. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी जेलीसारख्या पातळ थरावर उमटलेले डीएनएचे पट्टे आम्हाला दाखवत होती. दोनदा प्रयोग फसला होता, तिसऱ्यांदा पट्टे नीट उमटले होते. डॉक्टर व्हायला आले होते, आता साथरोगशास्त्राकडे वळते आहे, असे तिने सहज सांगितले. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या प्राध्यापिकांनी लगेच सांगितले, की विषय बदलताना तिचे एकही सत्र वाया गेले नाही.

डिसेंबरमध्ये घरी गेले असताना मी भाचीची रसायनशास्त्राची जर्नल चाळली होती. टायट्रेशनची, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडून मोजण्याच्या प्रयोगाची, तीन वाचने सुबक अक्षरांत मांडलेली होती: 9.8, 9.9, 9.8 मिलिलिटर. ब्युरेटच्या नळीतून शेवटचा थेंब सोडताना हात थरथरला का गं, असे मी विचारले. ‘आत्या, ब्युरेट मी अजून हातात घेतलेलेच नाही,’ ती म्हणाली. ‘सगळ्यांनी एका जर्नलवरून उतरवून घेतले.’ नाव एका ज्युनियर कॉलेजात आणि दिवसभर बसायचे क्लासमध्ये, अशी ही इंटिग्रेटेड व्यवस्था आहे. मायदेशातला वाद सतराव्या वर्षावर अडतो. मला सलते ते हे, की ज्या मुलीला विज्ञान आवडते, तिला निवड करण्याआधी विज्ञान करूनच पाहू दिलेले नाही. नीट परीक्षा ठेवा की काढा, या वादात ब्युरेटचा उल्लेख मी कधी वाचला नाही.

तिने अकरावीला गणित सोडले नाही, हे फार बरे झाले. पुण्यात 2006 साली सुरू झालेल्या आयसरसारख्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्राबरोबर गणिताचेही प्रश्न असतात, आणि केवळ नीटसाठी जीवशास्त्राचा गट घेऊन गणित टाकणारी मुले तिथे मागे पडतात. आयसरची पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी म्हणजे मेडिकल हुकलेल्यांची सोय, असे आमच्या ग्रुपवर समजले जाते. मला ते अजिबात पटत नाही. रोगाचे कारण शोधण्यात जिला रस आहे, तिच्यासाठी तो पहिल्या पसंतीचा मार्ग असू शकतो. नीटबरोबर तिने हाही अर्ज भरावा, असे मी दादाला सविस्तर लिहिले.

त्याने अजून होकार दिलेला नाही. परवा मात्र त्याचा फोन आला. क्लासमध्ये जाऊन त्याने विचारले होते, की जाहिरातीतल्या मुलांच्या तुकडीत एकूण मुले किती होती. त्याला सांगितले गेले, कळवतो. ‘अजून कळवलेले नाही,’ दादा म्हणाला, आणि मग त्याने आयसरचा अर्ज कधी सुटतो ते विचारले.