एक किलो पक्षी

सासूबाई सांगलीहून आल्यात आणि त्यांना पेरू हवे होते, बस एवढंच. इंदूरला पेरूला जाम म्हणतात हे मी सांगेपर्यंत त्यांनी लोकमान्य नगरच्या ठेल्यावर "भैया, पेरू कैसे दिये?" विचारूनसुद्धा टाकलं. ठेलेवाल्याला कळलं, तो तोलायलाही लागला. बोलले ते शेजारचे गृहस्थ.

हाफ स्वेटर, कानटोपी, पांढरे वॉकिंगचे बूट, आणि खरेदी म्हणाल तर दोन लिंबं. इंदूरच्या दर ठेल्यापाशी असा एक माणूस नेमलेला असतो, पगार कोण देतं देव जाणे. म्हणाले, "माताजी, पेरू तो पक्षी होता है. बड़ा मुर्गा. अंग्रेज़ क्रिसमस पे खाते हैं."

आता वैताग असा की हे खरं आहे. हिंदीच्या जुन्या शब्दकोशात पेरू म्हणजे टर्की, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. मी गप्पच बसणार होतो. पण स्वारी पुढे म्हणाली, "और तुर्की से आया, इसलिए टर्की. सीधी बात है भिया." इथे माझं डोकं फिरलं, कारण यात सीधं काहीच नाहीये.

अहो, तो पक्षी मेक्सिकोकडचा! तिथल्या लोकांनी पाळला, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिशांनी युरोपात नेला. इंग्रजांकडे आधीपासून आफ्रिकेतली गिनी कोंबडी तुर्की व्यापाऱ्यांकडून यायची, तिला ते टर्की म्हणायचे, तेच नाव या नव्या पाहुण्याला चिकटलं. फ्रेंचांनी 'भारताचा कोंबडा' म्हटलं, कारण कोलंबसाच्या घोळानंतर अमेरिका म्हणजेच इंडिया धरून चालायचे. डचांनी तर केरळातल्या कालिकत बंदरावरून 'काल्कून' केलं. पोर्तुगीज म्हणतात पेरू, आणि पेरू देशातला तो मुळात नाहीच. म्हणजे जो तो म्हणणार हा आमच्याकडचा नव्हे, त्या पलीकडच्यांचा. (होळकरांच्या मागे इथे आलेल्या आम्हा लोकांना हे नवीन नाही. इंदूरला आम्ही 'मराठी लोग', आणि पुण्यात तोंड उघडलं की "तुम्ही हिंदीवाले का हो?" असो.)

हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या सांगितलं, मोडक्या हिंदीत नाही, चांगल्या हिंदीत, आणि शेवटी हुकमाचं पान टाकलं की खुद्द तुर्कस्तानात या पक्ष्याला 'हिंदी' म्हणतात.

गृहस्थांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आप हिंदी, मैं हिंदी, अब मुर्गा भी हिंदी?"

ठेलेवाला हसला. स्कूटर थांबवून मेथी निवडणारी बाई हसली. सासूबाई पण हसल्या!

मग मी थेट जहांगीर काढला. म्हटलं, 1612 साली त्याच्या मुकर्रब खान या सरदारानं गोव्याहून बादशहासाठी अजब अजब चिजा आणल्या, त्यात हा पक्षी होता, बादशहानं स्वतः लिहून ठेवलंय की यातल्या काहींची नावंसुद्धा कोणाला ठाऊक नव्हती, म्हणून चित्रं काढवून घेतली, दरबारी चित्रकार मन्सूरनं काढलेलं टर्कीचं चित्र आजही लंडनच्या म्युझियममध्ये आहे.

"मतलब जहाँगीर को नहीं पता था," ते शांतपणे म्हणाले, "और आपको पता है."

यावर काय बोलणार. चुकीचं सांगणाऱ्याचं एका वाक्यात भागतं, बरोबर सांगणाऱ्याला मेक्सिकोपासून सुरुवात करावी लागते आणि तोवर लोक कोथिंबीर घेऊन घरी गेलेले असतात. आणि अशा माणसांना कोणी कधी अडवत नाही, उलट काका काका करतात, मग ते बँकेच्या लाइनीतही तेच करतात आणि लग्नाच्या पंगतीतही.

रात्री सासूबाईंचा सांगलीला फोन. "अगं, इथे पेरू म्हणजे पक्षी! जावईबापूंनाही नव्हतं माहीत, बाजारात एका भल्या माणसानं सांगितलं." मी आत बसून जाम चिरत होतो, वर जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, भुरभुरायला. त्यातले निम्मे किडके निघाले, जहांगीर चालू असताना ठेलेवाल्यानं खालचे भरले असणार.