थंडीत नवशिक्याने धावू नये, हा सल्ला चुकीचा का आहे

डिसेंबर लागला की ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: थंडीत पहाटे धावणे म्हणजे हृदयविकाराला आमंत्रण, थंड हवा छातीत गेली की न्यूमोनिया होतो, गारठ्यात सांधे आखडलेले असल्यामुळे गुडघे झिजतात, म्हणून नवशिक्याने फेब्रुवारी संपेपर्यंत थांबावे, आणि तरीही धावायचेच असेल तर सलग २१ दिवस एकही खंड न पाडता धावावे, कारण खंड पडला की सगळी मेहनत वाया जाते, आणि ज्याला एवढे जमत नाही त्याच्यात इच्छाशक्तीच नाही. तो पुढे पाठवणारी बहुतेकदा घरचीच वडीलधारी माणसे असतात आणि त्यांची काळजी खरी असते. पण संदेशातील एक गोष्ट अर्धी खरी, बाकीच्या चुकीच्या, आणि जी सांगायलाच हवी होती ती त्यात नाही. वर्षानुवर्षे धावणारे लोक असा संदेश वाचून थांबत नाहीत; थांबतात ते दिवाळीनंतर पहिल्यांदा बूट विकत घेतलेले लोक, आणि म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

अर्धी खरी गोष्ट आधी घेऊ. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब थोडा वाढतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण हिवाळ्यात तसेच सकाळच्या वेळी तुलनेने अधिक आढळते, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. मात्र हा धोका सर्वांना सारखा नसतो. ज्यांना आधीपासून हृदयरोग, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह आहे, जे धूम्रपान करतात, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे कोणताही व्यायाम केलेला नसताना एके दिवशी एकदम जोर लावला, त्यांच्यासाठी तो अधिक असतो. उलट नियमित व्यायाम करणाऱ्या माणसाला त्याच श्रमाने उद्भवणारा धोका बराच कमी असतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींची नोंद तपासली गेली, तेव्हा हृदयक्रिया बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या, म्हणजे लाखात एकापेक्षाही कमी. स्पर्धेत उतरणारे लोक सरावलेले असतात, त्यामुळे हा आकडा नवशिक्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण धावणे हेच हृदयाचे शत्रू असल्याचे चित्र त्यातून नक्कीच दिसत नाही. तेव्हा वयाची चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा वरीलपैकी काही त्रास असलेल्यांनी सुरुवातीपूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, पहिली दहा मिनिटे नुसते चालावे, आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात पसरणारी कळ, अथवा घेरी जाणवली तर घरी जाऊन झोपण्याऐवजी थेट रुग्णालय गाठावे. संदेशात यातले काहीच नाही; आहे ती केवळ भीती.

न्यूमोनिया जंतूंमुळे होतो, थंड हवेमुळे नव्हे. श्वासाने घेतलेली हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतून जाताना तापते व ओलसर होते, त्यामुळे ती फुप्फुसांच्या खोल भागात पोहोचेपर्यंत जवळजवळ शरीराच्या तापमानाची झालेली असते. दमा असलेल्यांना मात्र जोरजोरात घेतलेल्या कोरड्या, गार हवेने श्वासनलिका आवळल्यासारखी वाटू शकते. त्यांनी इनहेलर कधी घ्यावा हे डॉक्टरांना विचारून ठेवावे आणि सुरुवातीला नाकातोंडावर सुती रुमाल बांधावा.

गुडघ्यांचा मुद्दा थंडीचा नाहीच, तो धावण्याविषयीच्या जुन्या समजुतीचा आहे. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात गुडघा व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, तर न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आढळले. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये ते १३.३ टक्के होते. गुडघे मुळातच चांगले असलेले लोक धावत राहतात, हेही यामागचे एक कारण असू शकते, पण हौसेने धावल्यास गुडघे झिजतात असे म्हणायला या आकड्यांत आधार सापडत नाही.

आता ‘फेब्रुवारी संपेपर्यंत थांबा’ हा सल्ला. संपूर्ण संदेशात सर्वाधिक नुकसान करणारे वाक्य हेच आहे, कारण ते नवशिक्याला वर्षातल्या सर्वांत अनुकूल काळापासून दूर ठेवते आणि सर्वांत कठीण काळात सुरुवात करायला लावते. आपल्याकडची थंडी किती, हे आधी पाहावे. ठाणे-नवी मुंबईत डिसेंबर-जानेवारीतील किमान तापमान बहुधा १५ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते; मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर आजवर नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.४ अंश असून ते २२ जानेवारी १९६२ चे आहे. याउलट केनियाचे मॅरेथॉन धावपटू एलियुड किपचोगे यांनी १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पूर्ण केले, तेव्हा हवा १० अंशांच्या आसपास होती, आणि आयोजकांनी मुद्दाम तशीच वेळ निवडलेली होती. लांब पल्ल्याच्या धावण्याला गारवा मानवतो, कारण धावताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग, साधारण तीन चतुर्थांश, उष्णता म्हणून बाहेर पडतो. ही उष्णता शरीराबाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते आणि घामाचे बाष्पीभवन व्हावे लागते. बाहेरची हवा उष्ण व दमट असली की त्वचेकडे जास्त रक्त जाते, घाम नुसताच निथळतो, आणि तोच वेग राखायला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात.

नवशिक्याच्या बाबतीत याचा परिणाम मनावर होतो. मार्च-एप्रिलमध्ये उपवन तलावाच्या काठी पहिल्यांदा धावणाऱ्या माणसाला पाचव्या मिनिटाला धाप लागते, आणि ही धाप उकाड्याची आहे हे माहीत नसल्यामुळे तो ती स्वतःच्या अंगाची उणीव समजतो. तोच माणूस जानेवारीत, तेवढ्याच वेगाने, बराच जास्त वेळ तग धरतो आणि उद्या पुन्हा यावेसे वाटून घरी जातो. धावण्याची उमेद टिकवायची असेल तर पहिल्या काही आठवड्यांत आपल्याला हे जमते आहे, असा अनुभव यावा लागतो, आणि तो अनुभव आपल्या खाडीकाठच्या हवामानात वर्षातले मोजके महिनेच सहज देतात. त्या महिन्यांत पाया घातला गेला तर पुढचा उन्हाळा हळूहळू अंगवळणी पडतो. उकाड्याला सरावण्यासाठी शरीराला साधारण दोन आठवडे लागतात, पण ते शरीर आधी चालते-धावते असावे लागते.

कपड्यांविषयी दोनच वाक्ये, कारण या संदेशासोबत अनेकदा जाड स्वेटर किंवा प्लास्टिकसारखे जॅकेट घालून धावल्यास चरबी वितळते, अशी पुरवणी जोडलेली असते. अशा कपड्यांनी कमी होते ते पाणी, आणि ते पाणी प्यायल्यावर वजन परत येते. आपल्या थंडीत अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणि फार तर पहिल्या दहा मिनिटांपुरते पातळ जॅकेट किंवा कानटोपी पुरते.

संदेश ज्याविषयी पूर्ण मौन पाळतो तो मुद्दा हवेचा आहे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते, वारा पडलेला असतो, आणि त्यामुळे वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ व जाळलेल्या कचऱ्याचा धूर जमिनीलगतच अडकून पडतो. ऊन तापून हवा वर उठू लागली आणि दुपारी समुद्राकडून वारा आला, की ती कोंडी सुटते. म्हणजेच ज्या पहाटेला आपण सर्वांत शुद्ध मानत आलो, ती आपल्या शहरांत हिवाळ्यात अनेकदा सर्वांत दूषित वेळांपैकी एक असते. धावताना माणूस विश्रांतीच्या कित्येक पट हवा आत घेतो, शिवाय बरीचशी तोंडावाटे, त्यामुळे येथे सावधगिरी अनाठायी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा वायु गुणवत्ता निर्देशांक पाहता येतो. २०० च्या वर हवा ‘खराब’ आणि ३०० च्या वर ‘अतिखराब’ या गटात मोडते. माझे मत असे की २०० च्या वर निर्देशांक असेल तर नवशिक्याने धावण्याऐवजी चालावे किंवा वेळ बदलावी, आणि ३०० च्या वर घरातच व्यायाम करावा. जागाही तितकीच महत्त्वाची आहे. घोडबंदर रस्त्याच्या कडेने किंवा तुर्भे-महापे औद्योगिक पट्ट्यातून धावण्यापेक्षा कोलशेतचे सेंट्रल पार्क, नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई किंवा खारघरचे सेंट्रल पार्क बरे. पाम बीच रस्त्यावरील भरधाव गाड्यांशेजारून अंधारात धावणे मला अजिबात योग्य वाटत नाही, आणि येऊरच्या वाटेला उजाडण्यापूर्वी एकट्याने जाऊ नये, कारण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथे बिबट्यांचा वावर असतो.

उरला इच्छाशक्तीचा आणि २१ दिवसांचा दावा. २१ दिवसांचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये मांडलेल्या एका निरीक्षणातून आला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तीन आठवडे लागतात, असे त्याला दिसले होते. धावण्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि वाटेत ‘किमान’ हा भागही गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलला. त्याच अभ्यासात असेही दिसले की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला फारसा धक्का बसत नाही. धावण्यात तर नवशिक्याने रोज धावणेच चुकीचे आहे. नवशिक्याच्या पोटऱ्या व नडगीला सावरायला मधले दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून तीन दिवस, एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे अशी वीस मिनिटे, ही सुरुवात पुरेशी आहे.

पहाटे उठवत नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवण्याचेही कारण नाही. जानेवारीच्या मध्यात ठाण्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, आणि उजेडाशिवाय शरीराचे घड्याळ जागेपणाकडे वळायला वेळ घेते. ब्रिटनमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्यायामाचे फायदे सांगणारा मजकूर फक्त वाचलेल्या गटातील ३५ टक्के जणांनी आठवड्यात व्यायाम केला, म्हणजे तो मजकूर न वाचलेल्या गटाइतक्याच जवळपास. पण कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठे व्यायाम करणार हे लिहून दिलेल्या गटात ते प्रमाण ९१ टक्के झाले. ही माहिती विद्यार्थ्यांनी स्वतः दिलेली होती आणि काळ थोडा होता, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तेव्हा ‘उद्यापासून धावणार’ असे न म्हणता ‘मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, लोकलमधून उतरून घरी बूट बदलले की सोसायटीच्या फाटकातून उजवीकडे’ असे ठरवावे. संध्याकाळ निवडली तरी काही बिघडत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य जानेवारीच्या मध्यात वीसेक मिनिटे उशिरा मावळू लागतो, त्यामुळे पहाट अंधारी असतानाही सायंकाळ मोठी होत जाते. लग्नसराईमुळे किंवा तापामुळे आठवडा चुकला, तर ताप पूर्ण उतरल्यावर आणि छातीतला कफ गेल्यावर त्या आधीच्या आठवड्यात जेवढे धावत होतो तेवढ्यापासून, किंवा त्याहून थोडे कमी करून, पुन्हा सुरू करावे.