बाटलीतला मठ्ठा: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, बाबांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, ‘फुफ्फुसाच्या ऑपरेशनमध्ये नस कापली, हा सरळ हलगर्जीपणा. तुम्ही डॉक्टरला पाठीशी घालताय. वर म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवलं.’

डॉक्टर काही माझे सोयरे नाहीत. आणि ती नस रक्ताची नव्हतीच. थोरॅसिक डक्ट नावाची ही बारीक नळी आतड्यातली चरबी घेऊन कण्याला लागून वर चढते, छातीत उजवीकडून डावीकडे वळते आणि मानेपाशी डाव्या शिरेला मिळते. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये फुफ्फुसाच्या भागासोबत छातीच्या मधोमध असलेल्या लसीका गाठीही (लिम्फ नोड) काढतात. आजार कुठवर गेला, ते त्यावरून कळतं. या गाठींना खेटूनच ती नळी आणि तिचे फाटे. त्यात पेशंट उपाशीपोटी, त्यामुळे आतला द्रव पाण्यासारखा नितळ. गळला तरी टेबलावर डोळ्याला दिसेलच असं नाही. साधारण १०० पैकी १ ते ३ जणांना हे होतं, हात कितीही चांगला असो.

बाबांच्या ड्रेनच्या, म्हणजे छातीतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, बाटलीत दुसऱ्या दिवशी फिकट लाल पाणी होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दूध-पोळी खाल्ली आणि संध्याकाळी बाटलीत चक्क मठ्ठा! मला वाटलं, पू झाला. सिस्टरनं बाटलीकडे वाकून पाहिलं आणि काही न बोलता फोन लावला. तपासणीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, ११० च्या बरंच वर. याला म्हणतात कायलोथोरॅक्स, त्या नळीतला चरबीचा द्रव छातीत गळणं. डॉक्टरला जोखायचं ते इथून पुढे, असं माझं मत. त्याच रात्री जेवणातली चरबी बंद केली, रोज बाटली मोजली, आणि गळती आटली नाही तर पुन्हा आत जाऊन नळी बांधावी लागेल, हेही तोंडावर सांगितलं. तशी वेळ आली नाही.

आणि उपाशी कुठे? बिनफोडणीचं वरण, भात, मुरमुरे. फेब्रुवारीतलं नागपूर, मृग बहाराची संत्री हवी तेवढी. फक्त तळलेली सांबारवडी बंद, त्यावरून बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तुम्ही सुचवलेलं खोबरेल तेल मात्र कृपा करून कोणी देऊ नका. त्यात सगळ्यात जास्त असतं लॉरिक आम्ल, आणि त्याचा बराचसा भाग याच नळीतून जातो. दवाखान्यातलं एमसीटी (मध्यम साखळीच्या चरबीचं) तेल वेगळं. ते आतड्यातून थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतं.

एक गोष्ट तुमची शंभर टक्के खरी. सही घेतलेल्या कागदावर हे सगळं होतं, बारीक इंग्रजीत. ऑपरेशनआधी ते आम्हाला कोणी उलगडून सांगितलं नाही. तसं दवाखान्याला लेखी कळवलंय. अजून उत्तर नाही.