बदाम विझला, कुलूप शाबूत

आज रविवार. सकाळी अकराच्या आत चार वेळा बेल वाजली. चारही वेळा दारात अनोळखी माणसं आणि चारही वेळा तोच प्रश्न: "इथं जवळपास टॉयलेट आहे का हो?"

आहे ना! समोरच आहे. माझ्या फाटकापासून चाळीस पावलांवर. पालिकेने बांधलंय, निळ्या टाइल्स लावल्यात, वर 'पर्यटकांसाठी' असं हातभर अक्षरात लिहिलंय. आणि त्याला कुलूप आहे. उद्घाटनाच्या दिवशी ते उघडं होतं, फोटोत तसं दिसतं. मग ते चालवायचा ठेका कुणाला द्यायचा हे ठरेना. ठरलं तेव्हा ठेकेदाराला परवडेना, तो सोडून गेला. आता किल्ली कुणाकडे आहे हे पालिकेत कुणालाही सांगता येत नाही. इमारतीचं प्लास्टर पडलं, टाइल्स निखळल्या, पाटीचा रंग उडाला. पण कुलूप असं दर्जेदार निघालंय की दोन पावसाळ्यांत त्याला गंजसुद्धा चढलेला नाही. एवढी एकच खरेदी पालिकेने चोख केली म्हणायची.

या टॉयलेटच्या शेजारी काय आहे? सेल्फी पॉइंट. गावाच्या नावाची पुरुषभर उंचीची अक्षरं आणि त्यांच्या अलीकडे लाल बदाम. रात्री आतून दिवे लागतात. म्हणजे लागायचे. सगळ्यात आधी बदाम विझला, मग नावातलं मधलं एक अक्षर. त्यामुळे सूर्य मावळला की आमच्या गावाचं नाव बदलतं आणि त्याच्यावर कुणाचं प्रेमही उरत नाही. सात महिने झाले. लोक तरीही येतात, फोटो काढतात, फोटो काढून झाला की इकडेतिकडे बघतात, कुलूप दिसतं, मग माझं फाटक दिसतं.

आजची चौथी बेल एका म्हाताऱ्या बाईंची होती. सोबत सून. सूनच संकोचाने म्हणाली, "ताई, आईंना शुगर आहे, फार वेळ थांबता येत नाही." काय करणार? या म्हटलं आत. बाई जाताना माझे हात धरून म्हणाल्या, "तुमचं गाव फार सुंदर आहे हो." मला इतकी लाज वाटली! खरं तर लाज दुसऱ्याच कुणाला वाटायला हवी होती.

पुरुष आडोसा बघतात. तो आडोसा म्हणजे माझी मागची भिंत, तेही सांगून टाकते. बायकांनी काय करायचं? त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पर्यटन धोरणाच्या एकाही बैठकीत हा मुद्दा निघाला असेल तर मी पालिकेच्या दारात जाहीर माफी मागायला तयार आहे.

जॉर्ज डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने 1975 मध्ये मांडलंय की पर्यटक वाढत गेले की गावकऱ्यांचं मन चार पायऱ्यांनी फिरत जातं. आधी हर्ष, मग बेफिकिरी, मग चीड आणि शेवटी उघड वैर. पहिल्या वर्षी मी स्वतः बाहेर जाऊन लोकांना पाणी विचारत होते, कुठली वाट चांगली ते सांगत होते. बेफिकिरीची पायरी मला लाभलीच नाही, घर कोपऱ्यावर असल्यामुळे मी थेट तिसरीवर पोचले. आता चौथीच्या उंबरठ्यावर आहे. फक्त डॉक्सीसाहेबांच्या शिडीत माझ्यापुरती एक दुरुस्ती करायला हवी. माझं वैर त्या म्हाताऱ्या बाईंशी नाही. त्यांना जाहिरात करून बोलावून घेणाऱ्यांशी आहे.

बोलावतात कसं तेही बघा. गेल्या वर्षी गुळगुळीत कागदाची माहितीपुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर निळंशार तळं आणि त्यामागे डोंगर. सुंदर फोटो. अडचण एवढीच की तो डोंगर आमच्याकडे नाही. तळं आहे, पण डोंगर नाही. मी जन्मापासून इथे राहते, डोंगर असता तर कधीतरी नजरेस पडला असता. आतल्या पानावरचा चौकशीचा फोन नंबर लावला तर 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं ऐकू येतं. ती बाई तरी खरं बोलते.

यात आमचीच पालिका धन्य आहे असं नाही, एवढंच काय ते समाधान. फिलिपिन्सच्या पर्यटन खात्याने 2023 मध्ये देशाची नवी जाहिरात काढली, तर तिच्यातली डोंगरउतारावरची भातशेती निघाली बालीची आणि मासेमार थायलंडचा. ज्या देशात स्वतःची पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं जागतिक वारशाच्या यादीत आहेत, त्या देशाने ती उसनी आणावीत! पण तिथे बोभाटा झाला आणि जाहिरात कंपनीचं कंत्राट गेलं. इथे? मी पुस्तिका घेऊन पालिकेत गेले तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, ते प्रातिनिधिक छायाचित्र आहे."

प्रातिनिधिक! कुणाचं प्रतिनिधित्व करतो हो तो डोंगर?

त्या भेटीबद्दल सांगायलाच हवं, कारण खरं दुखणं मला तिथेच कळलं. मी तीन गोष्टी लिहून नेल्या होत्या. टॉयलेटचं कुलूप, कचऱ्याचे डबे आणि फाटकासमोर लागणाऱ्या गाड्या. साहेब अत्यंत सौजन्याने वागले. खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना समजू शकतो. पण टॉयलेट आरोग्य विभागाकडे येतं. कचरा स्वच्छता विभागाकडे. गाड्या वाहतूक पोलिसांकडे."

"आणि तुमच्याकडे काय येतं?"

"आम्ही प्रसिद्धी बघतो."

मग त्यांनी टेबलावरचा संगणक माझ्याकडे वळवला. आलेख होता. नव्या व्हिडिओला किती लोकांनी पाहिलं, किती जणांनी पुढे पाठवलं. रेघ वर वर चाललेली. साहेबांचा चेहरा मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या बापासारखा. मी म्हटलं, यातले किती जण इथे आले आणि आल्यावर त्यांना काय सापडलं, याचा आलेख आहे का? म्हणाले, तसा डेटा आपल्याकडे नसतो.

माझ्याकडे आहे. माझ्या बेलला आहे. एकदा येऊन बसा म्हणावं माझ्या ओट्यावर, रविवारी.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसलं हे चाललंय. माणूस गावात येईपर्यंत त्याच्यामागे एक अख्खा विभाग, एक एजन्सी, एक घोषवाक्य आणि एक ड्रोन. तो गाडीतून खाली उतरला की त्याचा कुणीच वाली नाही. घोषवाक्याची तर स्पर्धा झाली होती, बक्षीस समारंभ दोन तास चालला. 27 सप्टेंबरला जागतिक पर्यटन दिन असतो, त्या दिवशी दरवर्षी आमच्याकडे फलक लागतो. फलकावर बारा चेहरे असतात, गावातलं एकही ठिकाण नसतं. अनोळखी माणसाला वाटावं की इथे हीच बघायची.

परतताना साहेबांनी मला धीरही दिला. म्हणाले, मोठं काहीतरी होणार आहे, 'आयकॉनिक'. स्पेनमधल्या बिलबाओचं उदाहरण दिलं. एक गुगनहाइम संग्रहालय उभं राहिलं आणि शहराचं नशीब पालटलं. ही कथा पालिकांना फार आवडते, कारण तिच्यात फीत कापायला मिळते. ते संग्रहालय 1997 मध्ये उघडलं हे खरं. पण त्याच्या आधी, 1995 मध्ये, तिथली मेट्रो धावायला लागली होती. कारखान्यांनी नासवलेली नदी स्वच्छ करायला सांडपाण्याचं काम कित्येक वर्षं चालू होतं. ते गटारांचं काम कुणाच्या सादरीकरणात येत नाही. गटारापुढे उभं राहून फोटो काढायचा तरी कसा?

आणि बदामाचं म्हणाल तर तो तरी आमचा आहे का? तो न्यूयॉर्कचा, 'आय लव्ह न्यूयॉर्क' या खुणेतला. 1976-77 च्या सुमारास मिल्टन ग्लेझर नावाच्या डिझायनरने टॅक्सीत बसल्या बसल्या लाल रंगात कागदाच्या कपट्यावर खरडलेला. त्याने कामाचे पैसेही घेतले नाहीत. तेव्हा ते शहर दिवाळखोरीतून कसंबसं वाचलं होतं, लोक तिथे जायला घाबरायचे, म्हणून ती खूण लोकांच्या मनाला भिडली. पन्नास वर्षं होत आली, जगभरातल्या पालिका अजून तोच बदाम गिरवताहेत. अ‍ॅमस्टरडॅमने अशीच दोन मीटर उंचीची अक्षरं राइक्सम्युझियमपुढे मांडली होती. तिथे एवढी झुंबड उडायला लागली की डिसेंबर 2018 मध्ये शहरानेच ती उचलून नेली. पुढे 2023 मध्ये त्याच शहराने दारू-गांजासाठी येणाऱ्या ब्रिटिश तरुण पुरुषांना 'येऊ नका' सांगणारी जाहिरात केली. म्हणजे आधी बोलवायला खर्च, मग परतवायला खर्च. आम्ही अजून पहिल्या खर्चात आहोत आणि तोही अर्धा विझलाय.

जपानमधल्या फुजिकावागुचिको या गावाची बातमी वाचली तेव्हा मला सख्खी बहीण भेटल्यासारखं झालं. एका दुकानाच्या मागे फुजी पर्वत दिसतो, तो फोटो सगळीकडे पसरला आणि लोकांची रांग लागली. रस्त्यात उभे राहणार, कचरा टाकणार. समोरच्या दातांच्या दवाखान्याच्या आवारात न विचारता गाड्या लावणार. काही जण तर त्याच्या छतावर चढले! शेवटी मे 2024 मध्ये तिथल्या प्रशासनाने अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी लावली, पर्वत दिसूच नये म्हणून. लोकांनी जाळीला फोटोसाठी भोकं पाडली, ती गोष्ट वेगळी. पण त्या दवाखान्यातल्या माणसाचा विचार माझ्या मनातून जात नाही. तो काय मागत असेल? डोंगर झाका असं तर तो म्हणाला नसणार. आधी गाड्यांची काहीतरी सोय करा, एवढंच ना?

आमच्याकडे झाकायला डोंगरही नाही.

तर मी माझ्यापुरता उपाय केला. गेल्या महिन्यात एका पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहिलं: 'समोरचं टॉयलेट बंद आहे. उघडं टॉयलेट बस थांब्यामागे, सरळ जाऊन डावीकडे, सात मिनिटं. गाडी फाटकासमोर लावू नये.' खाली बाण काढला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तारेने फाटकाला बांधला. विश्वास ठेवा, त्या आठवड्यात बेल निम्म्यावर आली. लोक थांबायचे, वाचायचे, बाणाच्या दिशेने चालू लागायचे. दोघातिघांनी पुठ्ठ्याचा फोटोही काढला.

बदाम सात महिने विझलेला आहे, तो कुणाला दिसला नाही. कुलूप दोन वर्षं दिसलं नाही. नसलेला डोंगर तर छापखान्यापर्यंत जाऊन आला. माझा पुठ्ठा मात्र नवव्या दिवशी दिसला. परवा पालिकेचा माणूस नोटीस घेऊन आला. विनापरवाना फलक, सार्वजनिक परिसराचं विद्रूपीकरण, तीन दिवसांत काढून टाकावा, अन्यथा कारवाई. मी सही करून नोटीस घेतली. तो तिथेच घुटमळला, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, जरा आत टॉयलेट वापरू का?"