‘अ‍ॅप म्हणतंय निरुपद्रवी’ म्हणून किडा तळहातावर घेण्याआधी

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. ‘कीटकतज्ज्ञांची गरज संपली!’ असं ठळक शीर्षक, खाली पाच मुद्दे, शेवटी हात जोडलेले. मुद्दे थोडक्यात असे: एक, कुठल्याही किड्याचा मोबाइलवर एक फोटो काढा, अ‍ॅप ९९ टक्के अचूक नाव सांगतं. दोन, भडक रंगाचा किडा विषारी, मळकट रंगाचा निरुपद्रवी. तीन, पिवळे-काळे पट्टे म्हणजे गांधीलमाशी, दिसताच मारा. चार, लेडीबर्डच्या (गोल, ठिपकेदार छोटा भुंगेरा) पाठीवरचे ठिपके मोजा, तेवढी तिची वर्षं. पाच, अ‍ॅपने ‘निरुपद्रवी’ म्हटलं की किडा मुलांच्या हातात बिनधास्त द्या, भीती मोडते.

असे मेसेज मी एरवी न वाचताच उडवते. हा मावशीने पाठवला आणि त्याच्या पाठोपाठ एक फोटो आला: नातवाचा उघडा तळहात, त्यावर बारीक, लांबट, नारिंगी-काळा किडा. खाली ओळ, ‘अ‍ॅप म्हणतंय मुंगी आहे.’ मी सरळ फोन लावला. “मावशी, त्याला मूठ मिटू देऊ नकोस. फुंकर मारून उडव, साबणाने हात धू, मग बोलू.” तर म्हणे, “अगं, मुंगीच तर आहे, एवढं काय?”

मुंगी नव्हती ती. म्हणून पाचव्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीचे चार चुकीचे असले तरी त्यांनी कुणाची कातडी सोलून निघत नाही.

फोटोतला किडा पीडेरस नावाचा भुंगेरा होता. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी. डोकं काळं, छाती नारिंगी, पोट नारिंगी आणि टोकाला पुन्हा काळं. भुंगेऱ्यांचे वरचे कठीण पंख एरवी सगळी पाठ झाकतात, याचे आखूड असतात, अंगात अर्धवट घातलेल्या बंडीसारखे, आणि त्यांवर निळसर-हिरवट चमक असते. पोट मागे उघडंच राहतं आणि पळताना तो ते वर उचलतो. घाईत, वरून, जरा हललेला फोटो काढला की मुंगी वाटणारच, माणसालाही वाटते.

हा चावत नाही, डंखही मारत नाही, त्यामुळे हातावर फिरताना काहीच होत नाही आणि नेमका तिथेच घात होतो. त्याच्या अंगातल्या द्रवात पीडेरिन नावाचं जहाल विष असतं. ते तो स्वतः बनवत नाही, त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू बनवतात. किडा चिरडला, मुठीत दाबला गेला, मानेवर बसला म्हणून थापट मारली, की तो द्रव त्वचेवर पसरतो. तेव्हाही लगेच आग होत नाही. एक-दोन दिवसांनी लाल पट्टा उठतो, मग फोड येतात. पट्टा लांबट असतो, कारण किडा ज्या दिशेने घासला गेला त्या दिशेने विष पसरतं. कोपराच्या घडीत असेल तर घडीच्या दुसऱ्या बाजूलाही जुळा डाग उमटतो. तेच बोट डोळ्याला लागलं तर डोळा सुजून बंद होतो. पूर्व आफ्रिकेत या दुखण्याला ‘नैरोबी आय’ असं नावच पडलंय. किडा केव्हा चिरडला हे तोवर कुणाच्या लक्षात नसतं, त्यामुळे लोक नागीण समजतात किंवा रात्री कोळी अंगावर मुतला म्हणतात. विष लागल्याची शंका आली तरी करायचं एवढंच: चोळायचं नाही, साबण-पाण्याने भरपूर धुवायचं, डोळ्याला लागलं असेल तर डॉक्टर गाठायचा.

ब्लिस्टर भुंगेऱ्यांचंही असंच. त्यांच्या अंगात कँथरिडिन असतं. डिवचलं की पायाच्या सांध्यांतून पिवळसर थेंब येतो आणि तो लागेल तिथे फोड उठतो. किडा मेला, वाळला तरी विष राहतं. चाऱ्यात असे वाळलेले भुंगेरे आले तर ते खाऊन घोडे मरतात. हे मऊसर, लांबट, मान बारीक आणि डोकं तिच्याहून रुंद, असे दिसतात. शंका राहिली तर पाय बघायचे: पुढच्या दोन जोड्यांच्या पावलांत पाच-पाच सांधे, मागच्या जोडीत चार. आता सांगा, मोबाइलवर वरून काढलेल्या कुठल्या फोटोत मागच्या पावलाचे सांधे मोजता येतात?

आणि ‘निरुपद्रवी’ हा निकाल नक्की कुणाचा? अ‍ॅप चित्राशी चित्र ताडून पाहतं. नाव सुचवतं, आणि त्या नावापुढे कुठून तरी उचललेला परिच्छेद चिकटवतं. नाव चुकलं की परिच्छेद दुसऱ्याच किड्याचा. फोटोतल्या किड्याच्या अंगात काय आहे हे त्यात कुणीही तपासलेलं नसतं. मुलांची भीती जरूर मोडा, पण काचेच्या बरणीतून बघूनही ती मोडते.

दुसरा मुद्दा, रंगाचा. यात अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकते. बरेच विषारी आणि कडू कीटक भडक रंगाचे असतात आणि पक्षी तो इशारा शिकतात. पीडेरस स्वतः नारिंगी-काळा आहे. (म्हणजे मेसेजचा दुसरा मुद्दा पाळला असता तर पाचवा पाळता आला नसता. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी वाचायचा.) पण हा इशारा उलटा चालत नाही. रत्नासारखे चमकणारे ज्वेल बीटल माणसाला काही करत नाहीत. उलट लॅटिन अमेरिकेत चागास रोग पसरवणारे रक्तपिपासू ढेकूण बहुतेक तपकिरी-काळपट असतात. ‘मळकट म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

तिसऱ्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. पिवळे-काळे पट्टे मिरवणाऱ्या कितीतरी माश्यांना डंखच नसतो. सिर्फिड माशी घ्या: फुलासमोर हवेत एकाच जागी थांबते, पंखांची एकच जोडी, मोठाले डोळे, आखूड मिशा. तिच्या कितीतरी जातींच्या अळ्या पिकावरचा मावा फस्त करतात. गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. पट्टे तर क्लायटस नावाच्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यालाही असतात, आणि तो चालतोही गांधीलमाशीसारखा झटके देत. ‘दिसताच मारा’ या सल्ल्याने मरतात बहुतेक सोंगं घेणारे. खऱ्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यापाशी हा सल्ला पाळायला गेलात, तर काय होईल ते मी सांगायला नको.

चौथा मुद्दा वाचून मात्र मी हसले. ठिपक्यांवरून वय! मग अठ्ठावीस ठिपक्यांचा एपिलॅक्ना भुंगेरा अठ्ठावीस वर्षांचा म्हणायचा काय? लेडीबर्डचं प्रौढ आयुष्य साधारण काही महिने ते वर्षभराच्या आसपास. सात ठिपक्यांची जात कोषातून बाहेर आल्यावर मरेपर्यंत सात ठिपक्यांचीच राहते. कोषातून नुकती निघालेली फिकट पिवळी आणि बिनठिपक्यांची असते, काही तासांत रंग चढतो आणि ठिपके उमटतात. ते पाहून कुणीतरी ही वर्षांची गोष्ट रचली असेल, तर तासांची वर्षं केली एवढंच. शिवाय कोषातून बाहेर आल्यावर कुठलाच भुंगेरा वाढत नाही, त्यामुळे ‘छोटा आहे म्हणजे पिल्लू’ हेही खोटं. त्याचं पिल्लू म्हणजे अळी.

हसून सोडून देता येत नाही, कारण ठिपके खरंच महत्त्वाचे आहेत आणि ते मोजूनही भागत नाही. हार्मोनिया अ‍ॅक्सिरिडिस या एकाच जातीत बिनठिपक्यांचे, एकोणीस ठिपक्यांचे आणि काळ्या पाठीवर लाल डाग असलेले असे सगळे नमुने मिळतात. तर सात ठिपक्यांची लेडीबर्ड मावा खाते आणि तिचाच नातेवाईक एपिलॅक्ना वांग्या-बटाट्याच्या पानांची जाळी करतो. फोटोत दोघंही लाल-नारिंगी, गोल, ठिपकेदार. फरक जवळून कळतो: मावा खाणाऱ्या बहुतेकींची पाठ घासलेल्या भांड्यागत चकचकीत, एपिलॅक्नाची बारीक लव असलेली, म्हणून निस्तेज. आणि फ्लॅश मारला की ती निस्तेज पाठही चमकते. लेडीबर्डची अळी तर काळपट, खडबडीत, इवल्या सुसरीसारखी. तिचा फोटो पाहून ‘कीड आहे, फवारा’ असा सल्ला देणारे शेकड्याने सापडतात.

राहिला पहिला मुद्दा, ज्यावर बाकीचे उभे आहेत. एक फोटो, ९९ टक्के. हा आकडा कुठून आला ते मेसेजमध्ये नाही, आणि असणारही नाही.

नाव लागलेले भुंगेरेच जगात चार लाखांच्या घरात आहेत, सगळे कीटक मिळून दहा लाख. आता या कामातलं सर्वांत मोठं व्यासपीठ घ्या, आयनॅचरलिस्ट: लोक तिथे जीवांचे फोटो टाकतात आणि मिळून नावं ठरवतात. ते २००८ साली सुरू झालं आणि २०१७ पासून फोटोवरून नाव सुचवतंय. एखाद्या जातीचे साधारण शंभर फोटो जमल्याशिवाय ती जात ते यंत्राला शिकवतच नाहीत. एवढं करून त्यांच्या यंत्राला ओळखता येणाऱ्या जाती, झाडं, पक्षी, बुरशी सगळं धरून, लाखाच्या आसपास. म्हणजे बहुतेक भुंगेऱ्यांची नावं त्याच्या यादीतच नाहीत. यादीत नसलेला किडा दाखवला की यंत्र यादीतला सर्वांत जवळचा दाखवतं. आयनॅचरलिस्ट निदान प्रामाणिक आहे: खात्री नसेल तर जातीचं नाव न देता कुळावर किंवा जीनसवर (जवळच्या जातींच्या गटावर) थांबतं. त्यांचाच ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनाला चालेल असा, शिक्का मिळायलाही तारीख आणि ठिकाण लागतं, आणि नाव सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचं एकमत लागतं. तरी दोन हौशी माणसं मिळून एकच चूक करू शकतातच. मेसेजवाले ज्या अ‍ॅपचं कौतुक करतात ती बहुतेक एकच नाव ठोकून मोकळी होतात.

काही किड्यांना तर कितीही स्वच्छ फोटो पुरत नाही. हुमणीचे (पिकांची मुळं खाणाऱ्या अळीचे) तपकिरी भुंगेरे घ्या. वरून सगळे सारखेच दिसतात. त्यांतल्या अनेक जाती वेगळ्या करायला नराचं जननेंद्रिय बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. काजव्यांच्या कित्येक जाती लुकलुकण्याच्या तालावरून ओळखतात, आणि तो ताल फोटोत येत नाही. रंगावर भिस्त ठेवावी तर धातूसारखी चमक रंगद्रव्याची नसते, कवचातल्या बारीक थरांवर प्रकाश परावर्तित होऊन ती येते; कोन बदलला की हिरवा भुंगेरा निळा होतो. सोनेरी टॉर्टॉइज बीटल तर डिवचला की सोन्याचा लालसर होतो. त्यातून मोबाइल स्वतःच्या अकलेने फोटो ‘सुधारतो’: मिशांवरचे केस पुसतो, नसलेल्या कडा काढतो.

मग हौशी फोटो निरुपयोगी? नाही, आणि मेसेजमधलं दुसरं अर्धं सत्य इथे मान्य करायला हवं. २०११ साली शॉन विंटरटन या कीटकशास्त्रज्ञाला फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर मलेशियातल्या एका हिरव्या, जाळीदार पंखांच्या कीटकाचा फोटो दिसला. पंखांवरची नक्षी त्याने कधी पाहिली नव्हती. फोटो हौशी माणसाने काढलेला. तरी विंटरटनने फोटोवरून नाव ठोकलं नाही. प्रत्यक्ष नमुना हवा म्हणून कळवलं. फोटो काढणाऱ्याला तोच कीटक पुन्हा सापडायला बराच काळ गेला. सापडल्यावर नमुना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये स्टीव्ह ब्रूक्स या तिथल्या कीटकशास्त्रज्ञाकडे गेला, आणि संग्रहात कित्येक वर्षं बिननावाचा पडून असलेला तसाच एक नमुना तिथे निघाला. २०१२ साली सेमाक्रायसा जेड या नावाने तो जाहीर झाला. शोधनिबंधावर तिघांची नावं आहेत, फोटो काढणाऱ्याचंही. तज्ज्ञांची गरज संपल्याचं हे उदाहरण असेल तर मेसेज लिहिणाऱ्याने तिघांपैकी कुणाला वगळायचं ते सांगावं.

फोटो काढायचेच असतील तर एक पाठीवरून, एक बाजूने, एक समोरून डोकं आणि मिशा दिसतील असा काढा. किडा बरणीत असेल तर खालून पोट आणि पायही घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा. पाठीच्या मधोमध सरळ रेष आहे की पंख एकमेकांवर चढून फुली होतेय, ते दिसू द्या. रेष असेल तर बहुतेक भुंगेरा, फुली असेल तर बहुतेक ढेकणाच्या गोतावळ्यातला. कुठल्या झाडावर सापडला ते लिहा, तारीख आणि ठिकाण लिहा. उत्तर ‘कुळ अमुक, जात सांगता येत नाही’ असं आलं तर तेच लिहून ठेवा. आणि फिल्टर लावू नका.