सत्तरातले चार दिवस

आज सकाळी एसटी स्टँडच्या बाहेर नवीन बॅनर लागलेला बघितला. आमच्या भागातला जुना कबड्डीपटू, चढाईला निघाला की अख्खं मैदान उभं राहायचं. आता हायवेला हॉटेल टाकलंय, हरिनाम सप्ताहात टाळ घेऊन पुढच्या ओळीत असतो, आणि आता इलेक्शनला उभा राहतोय. माणूस चांगला आहे, माझं त्याच्याशी काहीच वाकडं नाही. पण शेजारी उभा असलेला पुतण्या म्हणाला, "काका, खेळाडू आहे म्हणजे शिस्तीचा माणूस, डोळे मिटून मत द्यायचं." ते 'डोळे मिटून' जे डोक्यात शिरलं ते दुपारची जेवणं झाली तरी जाईना, म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

मला पहिला आठवला मॅनी पॅकियाओ. ज्यांनी माझ्यासारखं मालवाहू जहाजावर फिलिपिनो क्रूबरोबर सेलिंग केलंय त्यांना हे नाव काय आहे ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. १९७८ चा जन्म, घरात खायची मारामार, जनरल सॅंतोस शहराच्या रस्त्यांवर पाव विकलेला पोरगा, चौदाव्या वर्षी घर सोडून मनिलाला पळाला आणि पुढे बॉक्सिंगच्या आठ वेगवेगळ्या वजनी गटांत जगज्जेता झाला. आठ! आजपर्यंत दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. जहाजावर फिलिपिनो पोरांच्या केबिनमध्ये एका बाजूला येशूचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला ह्याचा, हे मी स्वतः बघितलंय, एकदा नाही, प्रत्येक कॉन्ट्रॅक्टला.

३ मे २०१५, रविवार. आमचं बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, सिंगापूरला नांगर टाकून उभं होतं. मी थर्ड इंजिनियर, जहाज जुनं त्यामुळे अँकरवरसुद्धा वॉच, म्हणजे इंजिन रूममधली पाळी, चालू, माझा बारा ते चार. माझ्याबरोबरचा ऑइलर, म्हणजे इंजिन रूममधला मदतनीस, जनरल सॅंतोसचा, म्हणजे थेट मॅनीच्या गावचा. त्याच दिवशी लास वेगासला अमेरिकन बॉक्सर मेवेदरबरोबरची मॅनीची फाइट होती आणि ती आमच्या बरोबर दुपारी बाराच्या सुमाराला सुरू होणार होती. सहा महिन्यांत एकदाही वॉचला एक मिनिट उशीर न केलेला माणूस सकाळी माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला, आत येईना. "थर्ड, वन अवर. ओन्ली वन अवर." मी म्हटलं जा बाबा, मी सांभाळतो.

जहाजावर नेट नव्हतं. फक्त किनाऱ्याचं मोबाइल सिग्नल कसंबसं मिळायचं, तेही वर डेकवर एका कोपऱ्यात. तिथे हा उभा, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, तेलाचे हात लागू नयेत म्हणून, आणि तिकडून बायको राउंडमागून राउंड मेसेज करतेय. चौथ्या राउंडला मॅनीने चांगले ठोसे मारले तेव्हा हा एकटाच ओरडला, ते पार ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, ऐकू गेलं असं नंतर सेकंड मेट सांगत होता. पुढे पुढे मेसेज लहान होत गेले. बारा राउंड पुरे झाले आणि मॅनी पॉइंटवर हरला.

एकला पाच मिनिटं कमी असताना हा खाली इंजिन रूममध्ये हजर. डोळे लाल. एक शब्द बोलला नाही, प्युरिफायर, म्हणजे तेल गाळायचं मशीन, उघडला आणि साफ करत बसला.

आता मॅनीचं बघा. २००७ ला निवडणूक लढला, हरला. २०१० ला सारंगानी प्रांतातून खासदार झाला, २०१३ ला पुन्हा. बायको व्हाइस गव्हर्नर. बॉक्सिंगच्या लढती भरवायची स्वतःची कंपनी, जाहिराती, पुढे २०१७ ला स्वतःची बास्केटबॉल लीग. मध्येच धर्माकडे वळला, जुगार, दारू, कोंबड्यांच्या झुंजी सगळं सोडलं, हातात बायबल घेऊन हजारो लोकांसमोर प्रवचन द्यायला लागला. ह्यात मला काहीही चुकीचं वाटत नाही, उलट दारू सोडणाऱ्या माणसाला मी हात जोडतो, आमच्याकडेही माळ घालून माणसं सुधारलेली आपण बघितली आहेत.

पण २०१४ सालात हा गृहस्थ सभागृहाच्या ७० दिवसांपैकी ४ दिवस हजर होता. चार! त्याच वर्षी एप्रिलमध्ये लास वेगासला फाइट, नोव्हेंबरमध्ये मकाऊला फाइट, आणि वर एका प्रो बास्केटबॉल टीमचा कोचही आणि खेळाडूही. म्हणजे वेळ होता, फक्त ज्यांनी निवडून दिलं त्यांच्यासाठी नव्हता. आणि कोणावर प्रेम केलं होतं हो लोकांनी? पहाटे उठून डोंगर पळत चढणाऱ्या माणसावर, ट्रेनिंग न चुकवणाऱ्या माणसावर. त्याच शिस्तीवर मतं घेतली आणि तीच शिस्त रिंगच्या दोराला बांधून बाहेर आला! माझा पुतण्या जे म्हणतो ना, शिस्तीचा माणूस, ती शिस्त कशासाठी होती ते तरी बघाल की नाही?

हो, माहीत आहे, स्वतःच्या पैशाने त्याने गरिबांना घरं बांधून दिली. दिली. मान्य. ज्यांना मिळाली त्यांचे आशीर्वाद त्याला लागतीलच.

कुणीतरी कमेंटमध्ये सचिनचं काढणारच, म्हणून मीच काढतो. २०१२ ते २०१८ राज्यसभेत होता आणि किती दिवस दिसला ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पगार आणि भत्ते सगळे पंतप्रधान निधीला दिले, आपल्या उस्मानाबादकडचं डोंजा गाव दत्तक घेतलं, हेही खरं. पण मनात कुठेतरी लागलंच ना? ज्या सचिनसाठी आपण परीक्षेच्या आदल्या रात्री टीव्हीसमोर बसलो, त्याची खुर्ची रिकामी बघून मला तरी लागलं. सचिनबद्दल असं लिहिताना आत्ताही बरं वाटत नाहीये.

परत ऑइलरकडे येतो, कारण खरा राग मला त्याच्यामुळे आहे. त्याचा धाकटा भाऊ पार्लरमध्ये काम करायचा. त्यांच्याकडे अशा मुलांना 'बाकला' म्हणतात, बायकी वागणारा, मुलग्यांवर प्रेम करणारा. त्या भावाने लोकांचे केस कापून ह्याच्या मरीन ट्रेनिंगची फी भरली होती. हे त्याने मला रात्रीच्या वॉचला सांगितलेलं, अभिमानाने. आणि फेब्रुवारी २०१६ ला सिनेटच्या, म्हणजे त्यांच्या वरच्या सभागृहाच्या, प्रचारात मॅनी टीव्हीवर म्हणाला की असे लोक जनावरांपेक्षाही वाईट. नंतर माफी मागितली, पण धर्मग्रंथात लिहिलंय ते मी मानतोच असंही वर म्हणाला. नाइकीने करार तोडला. ऑइलरच्या फेसबुकला कायम मॅनीचा फोटो असायचा, त्या आठवड्यात तिथे दोन भावांचा जुना फोटो आला, दोघं लहान, एकच छत्री. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

देवाचं नाव घेऊन कष्टाने कमावणाऱ्या पोराला जनावर म्हणायचं, हे कुठल्या भक्तीत बसतं? आपल्याकडे चोखोबांना देवळाबाहेर उभं करणारेही शास्त्रच दाखवत होते.

मे २०१६ ला दीड कोटीहून जास्त मतं घेऊन मॅनी सिनेटर झाला. मी ऑइलरला मेसेज करून विचारलं, तू कुणाला दिलंस? बऱ्याच वेळाने उत्तर आलं, मॅनीला. घरचा माणूस आहे थर्ड, त्याला नाही तर कुणाला देणार. तेव्हा चिडलो होतो त्याच्यावर. आता लिहिता लिहिता चीड उतरलीये. त्या माणसाने ह्यांच्या अख्ख्या देशाला मान वर करून चालायला शिकवलं, ते कर्ज एका वाक्याने फिटत नसेल कदाचित. २०२२ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, तिसरा आला. २०२५ च्या मे महिन्यात सिनेटला पडला, आणि जुलैमध्ये ४६ व्या वर्षी परत रिंगमध्ये उतरून आपल्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान चॅम्पियनशी बरोबरीत सुटला. ती फाइट मी मोबाइलवर बघितली, आणि खोटं कशाला बोलू, बाराव्या राउंडला माझ्याही मुठी वळलेल्या होत्या.

म्हणून पुतण्याला एवढंच सांगणार आहे की कबड्डीसाठी टाळ्या वाजव, मीही वाजवतो, पण मत द्यायच्या आधी त्याला विचार की बाबा सभेला किती दिवस येणार आणि हॉटेल कोण बघणार.

त्या रविवारी चार वाजता वॉच संपला. मी वर आलो, आंघोळ केली, चहा घ्यायला मेसमध्ये गेलो तर ऑइलर नाही. खाली फोन लावला तर सेकंड इंजिनियर म्हणाला, हा अजून इथेच आहे, जातच नाहीये. पाचला वर आला, हात चिंधीला पुसत. घड्याळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "वन अवर, थर्ड. पेड."